नागपूरच्या महालातला आमचा २१ ऑगस्टचा उत्सव: तीन वह्या सापडल्या, आठवणी पाहिजेत

महालवाली

नमस्कार मंडळी. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

नागपूरच्या महाल भागात ज्या वाड्यात आमचा गाण्याचा वर्ग भरायचा तो वाडा आता पाडून राहिले. गुरुजींच्या सूनबाईंचा मागच्या आठवड्यात फोन आला की माळ्यावर एक ट्रंक निघाली, वर्गाचं सामान दिसतं, तुम्हीच घेऊन जा. गेले. ट्रंकेत फुटक्या भोपळ्याचे तुकडे, तंबोऱ्याच्या गंजलेल्या तारा, डग्ग्याची एक जुनी पुडी (वरचं चामडं), एक कॅसेट आणि खाली उत्सवाच्या तीन वह्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, किराणा दुकानात उधारी लिहायला असतात न, तशा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विष्णु दिगंबर पलुस्कर २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत गेले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहायचं ही जी रीत होती तिच्या शेजारी फी, वेळापत्रक, परीक्षा असलेली सरळ शाळा उभी केली. ते गेले त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, ज्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ह्या परीक्षा आपल्यापैकी कित्येकांनी दिल्या असतील. नागपुरात त्यांचे शिष्य शंकरराव सप्रे शिकवायचे, आणि मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे लहानपणी त्यांच्याचकडे शिकले, ज्यांच्या नावाचं सभागृह आज सिव्हिल लाइन्सला आहे. तर अशा वर्गांमध्ये ऑगस्टात पलुस्करांची पुण्यतिथी असायची आणि त्या दिवशी गायचं मुलांनी. मोठ्यांनी फक्त ऐकायचं.

आमच्या वर्गात ते एका संध्याकाळपासून सुरू झालं, पहिली वही साठच्या दशकातली आहे. मग दोन दिवस झाले, मग इतवारी, धरमपेठ, कामठी, वर्ध्याच्या वर्गातली पोरंपोरी यायला लागली. मी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा बसले, पाच मिनिटं दुर्गा राग गायले, पाय इतके लटपटत होते की आईनं मांडीवरचा फ्रॉक पकडून ठेव म्हणून सांगितलं होतं.

वह्यांमध्ये गुरुजींनी रकाने आखलेत. नाव, वय, राग, पट्टी (म्हणजे सा कुठून धरला), वेळ, क्रमांक, शेरा. शेरे वाचून मी ट्रंकेपाशीच बसून राहिले. "घाई." "तंबोरा न ऐकता सुरुवात." "आजोबांनी समोरून हाताने ताल धरला, मुलगा आजोबांकडे पाहून गायला." "आवाज गोड, त्याचा अभिमान नको."

आता माझे प्रश्न. पहिल्या वहीत काही नावांपुढे बि. पे. असं लिहिलंय, ते काय? दुसऱ्या वहीत एका वर्षानंतर क्रमांकाचा रकाना एकदम कोरा होतो आणि तिसऱ्या वहीत तर आखलेलाच नाही, ते काहून? दुसऱ्या वहीचं पहिलं पान वाळवीनं खाल्लंय, आत फक्त तारीख आणि वार लिहिलाय, साल नाही. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे गाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आहे, पण तबला, पेटी, तंबोरा ज्यांनी धरला त्यांच्या जागी तिन्ही वह्यांत एकच ओळ, "साथ: वर्गाचे विद्यार्थी". ती पण मुलंच होती. मला ती नावं पाहिजेत. इथे उघड टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

वऱ्हाडी_बाणा

लय भारी काम करून राहिल्या ताई. मी गाणाऱ्यातला नाही, सतरंज्या टाकणाऱ्यातला. आमच्या घरून दोन सतरंज्या अन् एक समई जायची दरवर्षी. बाबा म्हणत, पोट्टे हो, चप्पल रांगेत लावजा, गाणं सुरू असताना आवाज कराल तर घरी येजा मग सांगतो. पुढचं वाचायला बसलो आहो, लिहीत राहा.

---

मंद्र_पंचम

बि. पे. म्हणजे बिनपेटी, हार्मोनियमच्या साथीशिवाय. हे आता माझ्या वयाच्या माणसांनाच माहीत असणार म्हणून लगेच लिहितो.

आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती. आपलं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, म्हणजे ते सुरू झालं तेव्हापासूनच तिथे पेटी नव्हती. ही बंदी १९७१ मध्ये जाऊन सैल झाली. आक्षेप असा होता की पेटीचे स्वर पक्के ठोकलेले, त्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, आणि आपल्या रागातले कोमल-तीव्र जिथे बसतात तिथे ती पट्टी बसत नाही. तो वाद इथे नको, पण त्याचा आमच्यावर परिणाम असा झाला की ज्या मुलांना पुढे रेडिओची ऑडिशन द्यायची त्यांना गुरुजी दोन वर्षं आधीपासून नुसत्या तंबोऱ्यावर गायला लावायचे. वर्गात चारभिंतीत गाणं वेगळं आणि दोनशे माणसांसमोर वेगळं, म्हणून उत्सवात त्यांची बैठक बिनपेटीची. पेटी नसली की पोराला पकडायला काहीच नसतं हो. मागून स्वर भरणारं कोणी नाही, चुकलं की ते चुकलेलं तसंच उघडं पडतं. मी दोन वर्षं असा गायलो. पहिल्या वर्षी गंधार (ग) सापडेना तर मी सरळ थांबलो आणि तंबोरा ऐकत बसलो, किती वेळ ते आठवत नाही. कोणी काही म्हणालं नाही. तंबोऱ्यावर माझी मोठी बहीण होती, ती नुसती छेडत राहिली. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, वर्गात गुरुजींनी शंभरदा सांगितलं होतं तरी.

बहिणीचं नाव व्यनि करतो. तिचं नाव वहीत नसेल हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

---

महालवाली

काका, तुमचं वाचून लगेच पहिली वही काढली. एका बि. पे. च्या पुढे शेरा आहे, "थांबला. ऐकले. मग लागला." वय १५. हे तुम्हीच का?

---

मंद्र_पंचम

वय बरोबर आहे. राग भूप असेल तर मीच.

---

महालवाली

भूपच आहे.

---

अजनीचा_राजू

क्रमांकाचा रकाना का बंद झाला ते मी सांगतो, मी तिथे होतो, पहिल्या रांगेत. तान्हा पोळा होता त्या दिवशी, पोळ्याचा दुसरा दिवस, पोरांच्या लाकडी बैलांचा. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहून आलो, घेऊन जा गे मारबत करून घसा बसलेला, दुपारी लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा (पोळ्याचे पैसे) मागितला आणि संध्याकाळी आईनं तसंच उत्सवाला नेलं, चेहऱ्यावर काजळाच्या मिशा आणि मांडीवर बैल. आमच्यासारखे बैलवाले दहाबारा पोट्टे होते पुढे, आणि खिशातले चिल्लर पैसे वाजत होते म्हणून एका काकूंनी सगळ्यांचे खिसे रुमालानं बांधून दिले.

तेव्हा स्पर्धाच होती. तीन परीक्षक, दहा मिनिटं, दहा झाली की घंटी. एक मुलगा गायला बसला, मागच्या दोन वर्षांचा पहिला नंबर, सगळ्यांना माहीत होतं की हाच घेणार. सुरुवात अशी की हॉल शांत. आणि मग वरच्या सा ला गेला तर आवाज फुटला. म्हणजे दोन आवाज निघाले एकदम. परत गेला, परत तेच. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. मागून कोणीतरी हसलं, पोट्टेच होते, आणि तो मुलगा खाली मान घालून बसला. गुरुजी उठून स्टेजवर गेले. मला वाटलं खाली उतरवतात. ते त्याच्या बाजूला मांडी घालून बसले, सगळी वाद्यं बदलली आणि त्याला खालच्या पट्टीत परत गायला लावलं. अर्धा तास तरी गेला असेल, हॉलमधलं एक माणूस उठलं नाही. आणि मग गुरुजींनी सांगितलं की आजपासून नंबर नाही. साल ८४ किंवा ८५ असावं.

---

तिथीवार

राजूभाऊ, साल ८४ नाही जमत. उत्सव २१ ऑगस्टला आणि त्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोळा २० ला पाहिजे. ८४ ला श्रावण अमावस्या २६ ऑगस्टला होती. १९९० ला पोळा सोमवारी २० ऑगस्टला आला आणि तान्हा पोळा, मारबत मंगळवारी २१ ला. ताई, वहीत वार कोणता आहे त्या पानावर?

---

महालवाली

मंगळवार!! म्हणजे १९९०. मला रडायलाच आलं, दुसऱ्या वहीचं अख्खं साल लागलं आता, मागची पुढची सगळी पानं त्यावरून मोजता येतील. तिथीवार, कसे आभार मानू.

---

स्केल_चेंजर

सगळं वाचून छान वाटलं पण मला एक वेगळं म्हणायचं आहे. नंबर बंद केले ते मोठेपण मान्य, पण स्पर्धेशिवाय पोरं येतात का हो? माझी मुलगी शिकते, वर्षभर रियाजाला बस म्हटलं तर नाही, स्पर्धेचा फॉर्म भरला की पहाटे पाचला उठते. लहान वयात लोकांसमोर चमकणं वाईट का आहे? कुमार गंधर्व १९३५ मध्ये अलाहाबादच्या परिषदेत गायले तेव्हा अकरा वर्षांचे होते, सगळा देश हलला. टीव्हीवर आज छोटी मुलं काय काय गाऊन राहिली. उत्सवात चुरस नसेल तर तो गुरुपौर्णिमेचा घरगुती कार्यक्रम होतो, आईवडील फोटो काढतात आणि आपलं पोर झालं की उठून जातात.

---

महालवाली

तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मला वाटतं तोच रोग आहे. आपलं झालं की उठून जाणं. स्पर्धेत पण तेच होतं, निकालापुरतं थांबतात एवढंच.

कुमारजींचं उदाहरण तुम्ही दिलं म्हणून सांगते, ते मुंबईला गाजल्यावर देवधर मास्तरांच्या शाळेत राहिले आणि कित्येक वर्षं शिकले. देवधर म्हणजे परत पलुस्करांचेच शिष्य. चमकणं अकराव्या वर्षी झालं, पण शिकणं त्यानंतर झालं, आणि त्या मधल्या वर्षांत त्यांना कोणीतरी जागा दिली. आमच्या गुरुजींनी तीच जागा द्यायचा प्रयत्न केला असं मला वह्या वाचून वाटतं. १९९१ पासून वहीत एक नवा नियम दिसतो, लाल शाईनं लिहिलेला: "जो गाईल तो दुसऱ्या एकासाठी तंबोऱ्यावर बसेल." म्हणजे आपलं झालं की घरी जाताच येणार नाही. मी ९३ ला वीस मिनिटं एका अनोळखी मुलीच्या मागे तंबोरा धरला होता, बोटाला फोड आला, पण तिचा तो यमन माझ्या कानात अजून आहे, माझा स्वतःचा काय झाला ते आठवत नाही.

नुकसानही झालं हे पण वहीत आहे, लपवायचं नाही. ९१ ला एक अख्खं पान कमी भरलंय. दोन वर्गांची नावं परत कधी आलीच नाहीत. पुढे गाण्याचे टीव्ही शो आले तेव्हा मुलं ट्रॅकवर गायला मागायला लागली, गुरुजी नाही म्हणाले, आणखी काही गेली. गुरुजींनंतर आम्ही माजी विद्यार्थ्यांनी चालू ठेवलं, हॉल बदलले. २०२० ला ऑनलाइन केलं तर इकडचा तबला तिकडे उशिरा पोचायचा, सम (तालाची पहिली मात्रा) जुळेचना, शेवटी सगळ्यांनी मोबाइलमधला ठेका लावून आपापल्या घरात गायलं. त्या वर्षी साथीदार एकही नाही. त्या वर्षाची मी चौथी वही केली आणि साथीच्या जागी रेघ मारली.

---

दायां_बायां

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते कारण राजूभाऊंनी जे "सगळी वाद्यं बदलली" लिहिलंय त्यातला दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, माझा होता.

मी बारा वर्षांची होते. मुलगी तबला वाजवते म्हटलं की तेव्हा लोक आधी बघायचे आणि मग ऐकायचे. मला त्या दिवशी त्या मुलाच्या साथीला बसायचंच नव्हतं. माझी साथ त्याच्या नंतर, एका कॉलेजच्या दादाला होती, तो काळी एक मध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गायचा. म्हणून माझा दायां मोठ्या तोंडाचा, काळी एकला लावून, गादीवर ठेवून, वर टॉवेल टाकून मी विंगेत बसले होते.

तो मुलगा काळी चारला बसला. लहान मुलांची, बायकांची उंच पट्टी. त्याचा आवाज बदलून राहिला होता हे वर्गात सगळ्यांना कळत होतं, त्याला पण, पण दोन महिने आधी फॉर्म भरताना जी पट्टी लिहिली ती बदलायला तो तयार नव्हता. फुटला तेव्हा गुरुजी गेले हे खरं. ते काही बोलले नाहीत मोठ्यानं. त्याला हळूच म्हणाले, सा म्हण, कुठला पण, जिथे येतो तिथे. त्यानं म्हटला. बारीक, खाली, अगदी बोलल्यासारखा. गुरुजींनी पेटीवर एकेक पट्टी दाबून पाहिली, काळी एकच्या आसपास होता.

आता काळी चारचा तंबोरा काळी एकपर्यंत उतरवता येत नाही, तारा लोळतात, जवारी (तारेचा गुंजणारा नाद) बोलतच नाही. तबल्याचं पण तेच, हातोडीनं गट्टे ठोकून एखादा स्वर वरखाली होतो, एवढा नाही. गुरुजींनी विंगेत पाहिलं. कॉलेजच्या दादाचा तंबोरा लावून ठेवलेला होता, त्यानं स्वतः उचलून आणला आणि स्वतःच धरून बसला. मग गुरुजींनी मला बोट केलं. मी दायां उचलून दिला तर ते म्हणाले, नुसता दायां नको, तू ये. साथीला जो मुलगा होता तो बिचारा उठला आणि त्यानं मला त्याचा डग्गा सरकवून दिला, तो डग्गा मला उंच पडत होता तर स्वतःच्या बॅगेतला टॉवेल घडी करून माझ्या मांडीखाली घातला. हे मी कधीच विसरले नाही. तेव्हा माझे हात थंड पडले होते, आणि दायांची शाई (मधला काळा गोल) पण गार होती, बोटानं घासून घासून मी ती गरम केली.

अर्धा तास नाही लागला राजूभाऊ. दहा मिनिटं असतील. पण मलाही तेव्हा तेवढाच वाटला.

मग तो गायला. वरच्या सा ला गेलाच नाही. मंद्र (खालच्या) पंचमापासून मध्य पंचमापर्यंत, तेवढ्याच जागेत फिरत राहिला, आणि मध्येच त्याला सापडलं की खालचा धैवत आपला आता भरून लागतो. तिथे तो थांबला आणि हसला. मी सम सोडली तेव्हा, त्याच्याकडे बघत राहिले म्हणून. घंटीवाले मास्तर घंटी हातात घेऊन बसून होते, वाजवली नाही.

आणि नंबर त्याच क्षणी बंद झाले असं नाही. रात्री परीक्षकांचं भांडण झालं. एकानं जेवढं ऐकलं त्यावर भरपूर गुण दिले, एकानं वेळ ओलांडली म्हणून बाद केलं, एकानं कागद कोराच ठेवला. एक पालक खूप रागावले, आणि त्यांचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही, त्यांच्या मुलीनं नियमात राहून सुंदर गायलं होतं. गुरुजी म्हणाले की मला त्या मुलीला दुसरी म्हणता येत नाही आणि ह्या मुलाला बाद म्हणता येत नाही. म्हणून त्या वर्षी निकाल लावलाच नाही. नियम पुढच्या वर्षी झाला.

---

अजनीचा_राजू

ताई, तुम्ही निळ्या फ्रॉकमध्ये होता का? मला अंधूक आठवून राहिलं की तबल्यावर मुलगी आली आणि आम्ही बैल बाजूला ठेवले.

---

दायां_बायां

निळाच. काठाला पांढरी लेस.

---

महालवाली

सकाळपासून तीनदा वाचलं. वही समोर घेऊन लिहिते. १९९०, दुसरा दिवस नाही, पहिलाच. त्या मुलाची ओळ: वय १४. राग भूप. पट्टीच्या रकान्यात "काळी चार" लिहून खोडलंय, वर "काळी एक". वेळेच्या रकान्यात बाकी सगळ्यांना १०, ह्याला २४. म्हणजे तुमची दहा मिनिटं आणि राजूभाऊंचा अर्धा तास, दोन्ही जवळपासच निघाले. क्रमांक कोरा. शेरा एकच शब्द, "मिळाला." तो आवाजाबद्दल आहे असं मी आधी समजत होते.

आणि साथ: वर्गाचे विद्यार्थी. त्या संध्याकाळी पण तेच लिहिलंय गुरुजींनी. ते विसरले असं मला नाही वाटत, त्यांना ती रीतच होती, पण मला ती रीत आता पटत नाही. तुमचा व्यनि मिळाला. वहीत त्या ओळीपाशी तुमचं नाव लिहू का?

---

दायां_बायां

गुरुजींच्या अक्षरात हात नका घालू. वेगळी चिठ्ठी लिहून पानाला टाचा. आणि माझ्या आधी त्या डग्गेवाल्या मुलाचं नाव लिहा, ते मी पाठवते, मला पूर्ण आठवतं.

---

मंद्र_पंचम

टाचणी लावू नका, गंजते आणि कागद खाते. पातळ खळ लावा किंवा नुसती पानात ठेवा.

---

वऱ्हाडी_बाणा

ताई ते कॅसेटीचं काय झालं? पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं तुम्ही.

---

महालवाली

हो, कॅसेट आहे, ९० मिनिटांची. लेबलवर गुरुजींच्या अक्षरात "२१ मंगळवार, बाजू अ" एवढंच. अजून लावली नाही, हिंमत होत नाही. माझ्या जुन्या टेपमध्ये घातली आणि फीत गुंडाळली तर गेलं सगळं. शिवाय टेप हळू चालला की पट्टी उतरते, मग काळी चार होती की काळी एक ते कळणारच नाही, म्हणून चांगल्या डेकवरच लावायची आहे.

येत्या रविवारी सकाळी दहाला वाड्यातच जमू, भिंती पाडायला सोमवारपासून लावणार आहेत, सूनबाईंनी परवानगी दिली आहे. काका, बहिणीला घेऊन या, जिना चढायला त्रास होत असेल तर खाली पडवीत बसू. दायां_बायां, तो दायां अजून असेल तर आणा, पुडी फाटलेली असली तरी चालेल. स्केल_चेंजर, मुलीला घेऊन या, तंबोरा माझ्याकडे आहे.

फक्त चालू स्थितीतला कॅसेट डेक कोणाकडे आहे ते लवकर सांगा. बेल्ट नवा पाहिजे आणि हेड स्पिरिटनं पुसलेलं.

---

अजनीचा_राजू

माझ्या मोठ्या भावाकडे आहे, गणपतीत आरत्या लावतो त्यावर. आज संध्याकाळी बेल्ट बदलून आणतो आणि आधी दुसरी एखादी कॅसेट लावून पाहतो.